कडूबाला अडलेला शब्द

कडूबा हे काही लाडानं ठेवलेलं नाव नव्हतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा चौथ्याच्या वेळी मायनं ठरवूनच पोराला कडू म्हणायला सुरुवात केली. कडू वस्तू कोणी तोंडात घेत नाही, मग सटवाई तरी कशाला घेईल, असं तिचं म्हणणं. बाप चिडला. घरानं धम्म घेऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. देव्हाऱ्यातले सगळे देव त्यानं स्वतःच्या हातानं खडकपूर्णेच्या पाण्यात सोडले होते आणि इकडे बायको सटवाईच्या भीतीनं पोराचं नाव ठेवत होती. पण पोरगं जगलं. त्यामुळं नावही राहिलं.

आज कडूबा साठीच्या जवळ आलाय. देऊळगाव राजात जालना रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक गाडीवर टाकून आणतात. तो त्या उघडतो, जळकी तार उपटून काढतो आणि नवीन तांब्याची तार मोजून भरतो. राहायला तो सहा किलोमीटरवर टाकरवाडीला आहे. पण दहा-वीस गावांत लोक त्याला ओळखतात ते मोटारींमुळं नाही. तो बौद्धाचार्य आहे. आपल्या समाजातली लग्नं, नामकरणं, घरभरणी, मयती, सगळे विधी तो करतो. पांढरा सदरा, पांढरी विजार, आवाज खणखणीत. त्रिशरण सुरू केलं की मांडवातली कुजबुज थांबते. पाली तो शिकलेला नाही. आधीच्या बौद्धाचार्यांच्या मागं बसून त्यानं ऐकून ऐकून पाठ केलं आणि वीस वर्षं तो ते म्हणत आलाय.

गेल्या वैशाखात टाकरवाडीतच एक लग्न होतं. नवरीची धाकटी बहीण पुष्पांजली. पाली विषय घेऊन विद्यापीठात एम.ए. करणारी, चष्म्याची, बारीक अंगाची पोरगी. लग्न लागलं, पंगती बसल्या. कडूबा हात धुऊन खुर्चीवर टेकला तसा तिनं पाण्याचा पेला आणून दिला आणि शेजारी उभी राहिली.

"मामा, एक विचारू का? राग नका मानू."

"विचार की."

"शेवटच्या आशीर्वादात तुम्ही 'सब्बदेवता' म्हणता. सगळ्या देवतांनी तुमचं रक्षण करावं, असा त्याचा अर्थ आहे."

"हाव."

"आणि त्याच्या आधी अर्धा तास तुम्ही ताईकडून आन् दाजीकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. देव मानणार नाही म्हणून. मंग रक्षण करणाऱ्या ह्या देवता कोण?"

कडूबानं पाणी प्यायलं. पेला खाली ठेवला. "ते असं आहे पोरी, परंपरेनं चालत आलेलं आहे ते."

"हो, पण अर्थ काय धरायचा?"

"सांगतो नंतर," तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि ती पंगतीकडं गेली. तिच्या बोलण्यात कुठंही खोच नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि हेच कडूबाला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यानं कपाटातून वंदनेची जुनी पुस्तिका काढली. डाव्या पानावर पाली, उजव्या पानावर मराठी. शेवटच्या पानावर स्पष्ट छापलेलं होतं. सर्व देवता. वीस वर्षं ते पान त्याच्या मांडीवर उघडं असायचं. तो डावीकडं बघायचा, उजवीकडं कधी गेलाच नव्हता.

दोनच दिवसांनी दुसऱ्या गावात एका बाळाचं नामकरण होतं. कडूबा शेवटच्या आशीर्वादापर्यंत आला आणि त्या शब्दाशी थांबला. तोंडातून निघेचना. त्यानं तो गाळला आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांना सगळं पाठ होतं. त्या आपल्या लयीत होत्या. त्यांनी 'सब्बदेवता' म्हटलं, मोठ्यानं आणि एका सुरात, आणि कडूबाच एक ओळ पुढं गेल्यामुळं सगळं घोळात पडलं. कोणीतरी हसलं. बाळाची आजी म्हणाली, "थकला आमचा कडूबा."

ही गोष्ट गुलाबरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. गुलाबराव म्हणजे निवृत्त मास्तर आणि टाकरवाडीच्या विहार समितीचे अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर, पण काठी नाही. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला माणूस. त्यांनी कडूबाला विहारात बोलावलं.

"तू शब्द गाळून राह्यला म्हंतात."

कडूबानं पुष्पांजलीचा प्रश्न सांगितला. गुलाबरावांनी ऐकून घेतलं.

"देवता म्हणजे चांगली माणसं, असं सांग तिले. सज्जन माणसायनं तुमचं रक्षण करावं. झालं."

"पण तसं लिहेल नाही ना मास्तर."

"लिहेल काय आहे ते मले नको शिकवू." गुलाबरावांचा आवाज चढला, मग त्यांनी तो खाली आणला. "हे पाय कडूबा. आपल्यातली अर्धी माणसं आजबी चोरून मरीमायले नारळ फोडतात. तुले माईत आहे, मले माईत आहे. आता बौद्धाचार्यच म्हणाला की देवता असतात, तर राह्यलेली अर्धी बी जातीन. आपल्या बापायनं काय उगीच देव पाण्यात सोडले? हा विषय लोकायसमोर काढू नको."

गुलाबरावांचं चुकत होतं असं नाही. कडूबालाही ते पटत होतं. पण पटूनही त्याचं मन जागेवर येत नव्हतं. जेवता जेवता तो उठून अंगणात जायचा. बाजेवर आडवा व्हायचा आणि लगेच उठून बसायचा. तानुबाई, त्याची बायको, विचारायची, "काय होऊन राह्यलं तुमाले?" तो म्हणायचा, "काही नाही, गरम होते."

काही नाही कसं? त्या शब्दाच्या खाली एक जुनी गोष्ट होती, आणि नवराबायकोनं तिचं नाव सत्तावीस वर्षांत काढलेलं नव्हतं.

त्यांना एक मुलगा होता. गोकुळ. हे नाव आजोळी पाळण्यातच ठेवलं गेलं, कडूबाला ते फारसं आवडलं नव्हतं, पण पोराला शोभायचं. सहा वर्षांचा होता. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मान वळेना, उजेड सोसेना. कडूबानं गावातल्या डॉक्टरला दाखवलं. तानुबाई म्हणाली, ओढ्याच्या काठी मरीमाय आहे, लिंबाखाली, एकदा पोराला तिच्या पायावर घालू. पायावर घालू, मग तुम्ही म्हणाल त्या दवाखान्यात नेऊ. कडूबा तेव्हा तिशीतला. रक्त गरम. तो म्हणाला, "माह्या घरातून जो त्या दगडाकडं जाईन, त्यानं परत ह्या घरात पाय ठेवू नाही." तानुबाई गप्प बसली. त्यानं पोराला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. चौथ्या दिवशी गोकुळ गेला.

तानुबाईनं त्याला कधी दोष दिला नाही. पुढं मुलगी झाली, वंदना. ती मोठी झाली, खामगावला नांदायला गेली, तिलाही छकुली झाली. घर वरून भरून आलं. पण ती एक ओळ, पाय ठेवू नाही म्हटलेली, कडूबाच्या मनात तशीच होती. आपण बरोबर होतो ह्या एका गोष्टीवर तो उभा होता. देव नाहीतच, तर दगडाच्या पायावर घालून काय होणार होतं? आणि आता वीस वर्षं तो स्वतःच मांडवामांडवांत देवतांना रक्षण करायला सांगत आला होता. लोकांच्या पोरांसाठी. स्वतःच्या पोरासाठी मात्र त्यानं दार लावून घेतलं होतं.

कामात चूक व्हायला लागली. वाइंडिंगमध्ये प्रत्येक खाचेत तारेचे फेरे मोजून बसवावे लागतात. एक कमी नको, एक जास्त नको. आयुष्यात त्याचं मोजणं चुकलं नव्हतं. त्या पंधरवड्यात तीन मोटारी चालू करताच गुरगुरल्या, तापल्या आणि धूर सोडून बंद पडल्या. तिसरी जळाली तेव्हा शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून सईद आला. दोघांची दुकानं पंचवीस वर्षं भिंतीला भिंत लागून.

"क्या हुआ कडूभाऊ? तब्येत बराबर नाही का?"

कडूबानं जळक्या तारेचा गोळा टेबलावर आपटला. "सईद, तुमच्यात फरिश्ते असतात ना?"

"असतात की."

"मंग त्यायच्याजवळ काही मांगता का तुम्ही?"

सईदनं डोक्यावरची काळी काच मागं सारली. "ना. त्यायले सलाम आहे. पण मांगायचं एकाजवळच. फरिश्ते त्याचे नोकर. नोकराजवळ कोन मांगते?"

"आमच्याकडं तो एकबी नाही."

"मंग तुम्ही मांगता कोनाले?"

"कोनालेच नाही."

"मंग तर सोप्पं झालं तुमचं," सईद म्हणाला. कडूबाचा चेहरा पाहून तो पुढं काही बोलला नाही. त्यानं चहा मागवला, आणि त्या दिवशी कडूबाच्या दुकानाचं शटर त्यानंच खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा दुकानात गेलाच नाही. त्यानं मेहकरची बस धरली. मेहकरच्या बाहेर टेकडीवर एक छोटं विहार आहे. तिथं एक वृद्ध भंते राहतात. फार बोलत नाहीत, प्रवचनांच्या मोठ्या कार्यक्रमांना जात नाहीत, पण त्यांनी पाली ग्रंथ मुळातून वाचलेत असं पुष्पांजलीच सांगायची. बसमध्ये कडूबाला खिडकीची जागा मिळाली होती. सिंदखेड राजाला एक म्हातारी चढली, तिला जागा देऊन तो उठला आणि नंतर रिकाम्या जागा झाल्या तरी मेहकरपर्यंत दांडी धरून उभाच राहिला.

भंते झाडाखाली चीवर शिवत बसले होते. कडूबानं तीनदा वंदन केलं आणि बसल्या बसल्या सगळं एका दमात सांगून टाकलं. पोराचं सोडून सगळं.

भंतेंनी सुईत दोरा ओवला. "ग्रंथांत देव आहेत, उपासक. पानोपानी आहेत. ते नाहीत असं मी म्हणालो तर खोटं बोललो असं होईल."

"म्हणजे आहेत?"

"थांब. ते कसे आहेत ते तर ऐक. त्यांनी जग केलेलं नाही. त्यांनी तुला केलेलं नाही. तुझं नशीब त्यांच्या हातात नाही. चांगल्या कर्मानं कोणी तिथं जन्मतो, फार वर्षं सुखात राहतो, आणि पुण्य सरलं की मरतो. देवाचं मरण जवळ आलं की त्याच्या गळ्यातली फुलं कोमेजतात. कपडे मळकट दिसायला लागतात. काखेत घाम येतो. आयुष्यात कधी घाम माहीत नसतो त्याला, तो घाबरतो. बसल्या आसनावर त्याचं मन रमत नाही."

"मंग?"

"मग दुसरे देव त्याला धीर देतात. म्हणतात, जा, आता चांगल्या गतीला जा. ठाऊक आहे त्यांची चांगली गती कोणती? माणसाचा जन्म."

"देवायले माणूस व्हायचं असते?"

"माणसाला दुःख कळतं, म्हणून त्याला त्यातून बाहेरही पडता येतं. देवाला सुखात काही सुचत नाही. आणि तो मोठा ब्रह्मा, ज्यानं जग निर्माण केलं म्हणतात, त्याची गंमत ऐक. जग नव्यानं सुरू होताना तो सगळ्यांत आधी एका रिकाम्या लोकात जन्मला. एकटाच. कंटाळला. मनात म्हणाला, कोणी आलं असतं तर बरं झालं असतं. पुढं त्यांच्या त्यांच्या कर्मानं दुसरे तिथं जन्मले. ह्याला वाटलं, माझ्या इच्छेनंच आले. आणि त्यांना वाटलं, हा आधीपासून आहे, म्हणजे ह्यानंच आपल्याला केलं. झालं. तेव्हापासून दोन्हीकडं गैरसमज."

कडूबाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "पण भंतेजी, गुलाबराव मास्तर म्हंतात ते देव म्हणजे चांगली माणसं."

"तसंही पुष्कळ विद्वान घेतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवांच्या नावानं देवळाबाहेर उभं केलं, त्यांनी देव हा शब्दच घरात नको म्हणावं, ह्यात चूक नाही. मी तुझ्या मास्तरांशी भांडणार नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे. शरण जायचं ते बुद्धाला, धम्माला, संघाला. चौथं नाव त्यात नाही. देवांचं भलं चिंत, त्यांनीही आपलं चिंतावं म्हण, शेजाऱ्याला म्हणतो तसं. पण शेजाऱ्याच्या पाया पडत नाहीत."

"एकच सांगा. ते कोणाले वाचवू शकतात का?"

"त्यांना स्वतःचंच मरण चुकवता येत नाही."

"आन् त्यायले मायबाप असतात का?" हे त्यानं का विचारलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"नाही. आई नाही, बाप नाही. ते एकदम प्रकट होतात. मोठेच." भंतेंनी सुई थांबवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "उपासक, तुला त्यांच्याकडून काय पाहिजे होतं?"

कडूबा उठला. बस चुकेल, म्हणाला. बसला अजून दोन तास होते. भंते जेवून जा म्हणत असताना तो टेकडी उतरून गेला आणि स्टँडवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.

सकाळी तानुबाई अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. कडूबा समोर येऊन बसला, उठला, पाण्याचा हंडा सरकवून ठेवला, पुन्हा बसला.

"मेहकरले गेल्तो काल."

"माईत आहे. सईदभाईच्या बाईनं फोन केल्ता."

त्यानं सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. फुलं कोमेजण्याचं, काखेतल्या घामाचं, ब्रह्माच्या गैरसमजाचं. तानुबाईचे हात तुरीवर चालू होते. ती ऐकते आहे की नाही तेही कळत नव्हतं. तिनं विहारात वा घरात ह्या गोष्टींवर कधी एक शब्द विचारलेला नव्हता.

"आन् त्यायले माय नसते म्हंतात," तो म्हणाला. "एकदम मोठेच उगवतात."

तानुबाईचे हात थांबले.

"देवायले माय नसते?"

"नसते."

"मंग त्यायले कसं समजंन?" ती म्हणाली. "पोरगं म्हणजे काय, ते कसं समजंन त्यायले?"

मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मी गेली होती."

"कुठं?"

"मरीमायकडं. तुम्ही डॉक्टरनं सांगतलेली सुई आणाले देऊळगावले गेल्ते ना, दुसऱ्या दिवशी दुपारी, तवा. पोराले खांद्यावर घेतलं आन् गेली. नारळ फोडला. पायावर घातलं. अंगारा लावला त्याच्या कपाळाले."

आपण तिला अडवलं, ह्या ज्या गोष्टीवर कडूबा सत्तावीस वर्षं उभा होता, ती घडलेलीच नव्हती.

"मंग तुमची सायकल वाजली वेशीपाशी," ती म्हणाली, "आन् मी पदरानं तो अंगारा पुसला. तुम्ही घराबाहेर काढसान म्हणून पुसला. आन् चौथ्या दिवशी... मले वाटते, पुसला म्हणून गेला तो. ठेवला असता तर राह्यला असता. इतकी वर्षं मले तेच वाटते. कोनाले सांगू? तुमाले सांगतलं असतं तर तुम्ही म्हणले असते गेलीच काऊन. मायले सांगतलं असतं तर ते म्हणली असती पुसलाच काऊन."

कडूबा पुढं सरकला. तिच्या हाताला तुरीची धूळ होती. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण भर अंगणात, दिवसाउजेडी, त्यानं तिचा हात कधी धरलेला नव्हता.

"तानू, त्यायलेच मरण चुकत नाही," तो म्हणाला. "त्यायचा अंगारा काय चुकवणार होता? पुसला काय आन् ठेवला काय."

"खरं?"

"खरं. आन् तू पुसला तो माह्या भीतीनं. ते माह्याकडं दे. ते तुह्यं नाही."

ती रडली. पोर गेलं तेव्हा रडली होती त्याहून वेगळं, थांबून थांबून. कडूबाला वाटलं आता आपल्यालाही मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट त्या दिवसापासून त्याला एक नवीनच टोचणी लागली. आपल्या घरातली बाई सत्तावीस वर्षं एका पुसलेल्या अंगाऱ्याला भिऊन जगली, आणि आपण गावोगाव जाऊन लोकांना देव मानू नका म्हणून सांगत होतो. भीती गेली की नाही हे एकदाही विचारलं नाही. शेजारच्या खोलीतसुद्धा नाही.

आषाढी पौर्णिमेला विहार भरलं होतं. बुद्धवंदना झाली. शेवटच्या आशीर्वादाआधी कडूबा थांबला आणि वळून लोकांकडं तोंड करून बसला. गुलाबराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"ह्यात एक शब्द येते," कडूबा म्हणाला, "वीस वर्षं म्या तो अर्थ न पाहता म्हटला. ह्या पोरीनं विचारला तवा मले सांगता आलं नाही." त्यानं पुष्पांजलीकडं हात केला. मग भंतेंनी सांगितलेलं त्यानं आपल्या भाषेत सांगितलं. देव आहेत म्हणा की चांगली माणसं म्हणा, त्यांना आपण शरण जात नाही, ते आपल्याला वाचवत नाहीत, त्यांनी कोणाला मारलेलंही नाही. "आन् कोनी भीतीपोटी कुठं नारळ फोडला असंन," तो म्हणाला, "तर त्याच्यावर मी रागवणार नाही. त्यानं येऊन मले सांगावं, भीती कायची आहे ते."

विहारात चुळबुळ झाली. मागून कोणी विचारलं, "मंग देव आहेत का नाही, एक काय ते सांगा ना."

"मले माईत नाही," कडूबा म्हणाला.

बौद्धाचार्याच्या तोंडून हे कोणी ऐकलं नव्हतं. गुलाबराव उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. दारात म्हणाले, "माईत नाही म्हणणाऱ्यानं तिथं बसू नाही."

समितीची बैठक झाली. लग्नं पुष्पांजलीनं लावावीत असं ठरलं. कडूबानंच ते सुचवलं होतं असं काही म्हणतात, काही म्हणतात त्याला काढलं. पुष्पांजली आधी तयार नव्हती. कडूबा तिच्या घरी जाऊन म्हणाला, "तुले अर्थ लागते, तूच कर." ती आता लग्नं लावते आणि तो शब्द आला की त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगते. मयतीचे विधी मात्र लोक अजून कडूबाकडंच घेऊन येतात. गुलाबराव त्याच्याशी रस्त्यात बोलतात, विहारात नाही. पावसाळा संपता संपता तीन बाया, एकेकट्या, दुपारच्या वेळी त्याच्या घरी येऊन गेल्या. काय बोलल्या ते तानुबाईलाच माहीत, कारण त्या तिच्याशीच बोलल्या.

कडूबा अजून स्वस्थ नाही. दुकानात फेरे मोजताना मोठ्यानं आकडे म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. दर पंधरा दिवसांनी मेहकरला जातो आणि नवीन प्रश्न घेऊन परत येतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो निघाला तेव्हा तानुबाई लुगडं बदलून दारात उभी होती.

"मी बी येतो," ती म्हणाली. "मले विचारायचं आहे. त्या ब्रह्मदेवाले कोनी सांगतलं का नाही मंग, का बाबा तू नाही केलं हे सगळं म्हणून?"

कडूबा हसला. कितीतरी महिन्यांनी.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. टेकडी चढताना ती दोनदा थांबली. भंते झाडाखालीच होते. तिनं वंदन केलं, पदर सावरला आणि खाली बसली. भंतेंनी विचारलं, "बोला उपासिका, काय विचारायचं होतं?"

"विचारायचं नाही काही," ती म्हणाली. "मले सांगायचं आहे. माह्या पोराचं."

कडूबा उठला. पाय आपोआप उताराकडं वळले होते.

"बसा," ती मागं न बघता म्हणाली. "तुम्ही बी ऐका."

तो बसला.